ताईचा वरचा ओठ

ताईने घरात तोंडाला मास्क लावला, त्या शुक्रवारीच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"सर्दी झालीय," ती म्हणाली.

सर्दी! ना शिंक, ना खोकला, ना नाक लाल. मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर शर्ट उलटे करायचे आणि कुठला टाका सुटलाय ते शोधायचं, गेली बावीस वर्षं हेच. मला काय सांगते ही सर्दी?

आता आधी आमचं घर सांगते, नाहीतर एका मास्कचं एवढं काय, असं वाटेल. घरात आम्ही तिघं: बाबा, ताई आणि मी. आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी लग्न करून पाहिलं आणि दोन वर्षांत परत आले. ताईने केलंच नाही. बाबा कापडगिरणीत होते. तिथे यंत्रांचा असा धडधडाट, की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येऊ नये. म्हणून तिथले सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. कान कधी गेले ते बाबांना कळलंच नाही, कारण गिरणीत कानांचं कामच नव्हतं. घरी आईने चार हाका मारल्या आणि ते वळले नाहीत, तेव्हा उजेड पडला.

कानातलं यंत्र आणलं, तर म्हणाले नुसती खरखर आहे. पाटीवर लिहून दाखवलं, तर भडकले. "मी काय बालवाडीत बसलोय?" मग राहिले ओठच. त्यातून घराचा एकमेव नियम निघाला: तोंड झाकायचं नाही. समोर यायचं, उजेडात उभं राहायचं आणि मग बोलायचं. ज्याने तोंडावर हात धरला, तो बाबांबद्दल काहीतरी लपवून बोलतोय, हे ठरलेलं. लहानपणी मी खोकतानासुद्धा हात बाजूला धरायचे.

हे सगळं जमतं ते ताईला. ती फोटो स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढते. हनुवटी खाली, खांदे सरळ, ओठ मिटा, असं दिवसातून शंभरदा म्हणायचं. वय त्रेपन्न, आणि त्यातली तीस वर्षं लोकांचे चेहरे सरळ करण्यात गेली. स्वतःच्या चेहऱ्याला कधी पावडरसुद्धा लावली नाही. बाबांना एक वाक्य तीन तऱ्हांनी सांगेल, पण आवाज चढवणार नाही. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबा म्हणायचे, ही बोलत नाही, गोळीबार करते. त्यात माझे ओठ आईसारखे, चांगले जाड. शाळेत पोरं हसायची म्हणून ते आत ओढून बोलायची सवय लागली. कधीपासून ते आठवत नाही, पण बाबांना काही सांगायचं तर मी ताईमार्फत सांगते. "ताई, बाबांना विचार ना, गोळ्या संपल्या का?" बाबा समोरच्याच खुर्चीत बसलेले असतात, तरी.

तर अशा घरात, बाबांच्या समोर, ताई मास्क लावून हिंडत होती. चहा गार करून पीत होती, तोही आमच्याकडे पाठ करून. रात्री दोन उशा घेऊन उताणी झोपली. एरवी कुशीवर झोपणारी बाई! शनिवारी ती गॅलरीत फोनवर बोलत असताना मी दाराआड उभी राहिले. हो, राहिले, लाज कसली त्यात? "नाही नाही, छान झालंय. कुणाला ओळखू येता कामा नये, एवढंच," असं ती म्हणत होती.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे नक्की झालं.

रविवारी सकाळी ती तोंड धूत असताना मी न्हाणीघराचं दार ढकललं. तिचा वरचा ओठ थोडा फुगलेला होता आणि कोपऱ्यात तिळाएवढा निळा डाग. क्षणभर वाटलं, कुणी मारलं का हिला? मग डोक्यात दिवा लागला. आमच्या काजबटन विभागातल्या एका पोरीने असंच केलं होतं, चार दिवस तोंड लपवत होती.

"फिलर?" मी किंचाळलेच. "ताई, तू इंजेक्शनने ओठ भरून घेतलेस?"

"हळू बोल."

"हळू कशाला? घरात ऐकणारं आहे कोण?"

"थोडासाच भरलाय. फक्त वरचा," ती टॉवेलाने पाणी टिपत म्हणाली. "सूज उतरली की काही कळणारही नाही."

"कळायचंच नाही तर घेतलास कशाला? आणि जाड ओठ हवे होते तर माझे घ्यायचे, मला फुकट मिळालेत!"

ती हसली, पण ताकास तूर लागू दिली नाही. मास्क चढवला आणि भाजी आणायला गेली.

मी तिचं कपाट उघडलं. चूक होती, माहीत आहे. साड्यांच्या खाली स्टुडिओचं पाकीट सापडलं. आत फोटो होते, सगळे तिच्याच तोंडाचे. डोळे नाहीत, नाक अर्धं, नुसते ओठ. कुठे मिटलेले, कुठे गोल, कुठे उघडे. मागे पेन्सिलीने लिहिलेलं: खिडकीजवळ. दिव्याखाली. चार हातांवरून. त्रेपन्नाव्या वर्षी बाई कुणाला ओठांचे फोटो पाठवते? आणि खिडकीजवळ कोण भेटतं हिला? एखाद्या लबाड माणसाच्या नादी लागली असेल, तर उद्या ती निघून जाईल, आणि बाबा? बाबांशी बोलणार कोण? मी?

खरं सांगते, ताईची काळजी मागून आली. हा प्रश्न आधी आला.

दुपारी शेजारच्या काकू आल्या. मी सगळं त्यांच्या कानात ओतलं. बाबा समोर होते, त्यांनी वाचू नये म्हणून तोंडावर पदर धरून बोलले. काकूंनीही तोंडावर हात धरला. बाबा एकदा आमच्याकडे बघत राहिले आणि मग भिंतीकडे वळले. संध्याकाळी जेवले नाहीत. मी म्हटलं, उकाड्याने असेल.

सोमवारी सकाळी उठून बघते तर बाबा दारापाशी स्टुलावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. शेजारी पिशवी. पिशवीत दाढीचं सामान, दोन शर्ट आणि आईचा फोटो.

"ताई!" मी आत ओरडले. "ताई, बाबांना विचार कुठे निघालेत!"

ताई धावत आली. तिने विचारण्याआधीच बाबा बोलले.

"तीन दिवस तुम्ही दोघी तोंड झाकून बोलताय. वृद्धाश्रम बघितलात ना? सांगायला जड जातंय, समजतं मला. मी तयार आहे. फक्त तिथे खिडकीजवळची खाट मागा, एवढंच."

अगं आई गं!

ताईने मास्क ओढून काढला. सूज उतरली होती, डागही पिवळट होऊन गेला होता. खरंच सांगते, मी तपासणीवाली, पण काही केलंय असं ओळखता आलं नसतं. फक्त वरच्या ओठाची कड, जी गेली कित्येक वर्षं आत जाऊन रेघ झाली होती, ती परत दिसत होती.

ती गुडघ्यांवर बसली. "बाबा, वृद्धाश्रम नाही. कुठेही जायचं नाही."

बाबा डोळे बारीक करून बघत होते. मग ताई माझ्याकडे वळून बोलली, आणि मला सगळा उलगडा झाला.

"वर्ष झालं, बाबांना माझं बोलणं दिसत नाही. नुसते हो हो म्हणतात. मी एकदा मुद्दाम विचारलं, बाबा, खिडकी चावली का? तर म्हणाले, हो, छान होती."

"आणि डोळ्यांचा डॉक्टर?"

"दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत. डोळ्याचा मागचा पडदाच झिजलाय म्हणाला. त्यांचे डोळे बदलता येत नाहीत. लाली लावून बघितली, ती सुरकुत्यांत पसरते आणि अजूनच गिचमीड होतं. स्टुडिओत फोटो काढून बघितले, चार हातांवरून माझा वरचा ओठ दिसतच नाही गं. म्हणून थोडी कड उचलून घेतली."

"मग लपवलंस कशाला?"

"ते वर्षभर धडपडतायत, मला कळू नये म्हणून. मला कळलंय, हे त्यांना कशाला सांगायचं?"

मला रडू आलं आणि रागही आला. संशय मात्र अजून सुटला नव्हता, स्वभावाला औषध नाही. "पण उपयोग झाला का? विचार काहीतरी. भलतंच विचार."

ताई खिडकीच्या उजेडात सरकली. "बाबा, पंखा भाजला का?"

बाबा बघत राहिले. "पुन्हा म्हण," ते म्हणाले. तिने पुन्हा म्हटलं. बाबांच्या कपाळावर आठी आली.

"पंखा कोण भाजतं? वेडी झालीस का?"

ताई खो खो हसत सुटली. बाबांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ ते तिच्या ओठाकडे बघत होते. अंगठा जवळ नेला, पण टेकवला नाही.

"दुखलं का गं?" त्यांनी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. त्यांना कळलं होतं, सगळं कळलं होतं. मग ते माझ्याकडे वळले.

"आणि तू? तुझे ओठ तर जन्मापासून असे ठसठशीत. तुझं बोलणं मला आंधळा झालो तरी दिसलं असतं. तू कधी समोर बसून बोललीच नाहीस."

ताईने तीस वर्षं दोघींच्या वाटणीचं बोलून आपला ओठ झिजवला होता, आणि मी माझे आत ओढून बसले होते.

मी दुसरं स्टूल ओढलं आणि बाबांच्या समोर, खिडकीच्या उजेडात बसले. पदर तोंडापासून लांब केला.

"बाबा," मी म्हणाले, "बूट काढा."

त्यांनी पहिल्याच वेळी वाचलं, आणि वाकून नाड्या सोडायला लागले.