पडद्यावरच्या पोराची दृष्ट

इथे परदेशात, क्वेकर्स हिलला, आमच्या शेजारच्या काकू कुणाबद्दलही बोलताना ‘बिचारा’ म्हणतात. त्यांच्या लेखी डेंटिस्टसुद्धा बिचारा. सध्या त्या लेकीसोबत एका जपानी सरदाराच्या तरुणपणावरची ॲनिमे सिरीज बघतात. त्याची आई धाकट्याचेच लाड करते, हे काकूंच्या फार जिवाला लागलंय.

परवा माझ्यादेखत तो पहिल्या लढाईला निघाला. काकूंनी टीव्ही थांबवायला लावला, त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवल्या आणि घरात स्मोक अलार्म वाजू नये म्हणून मागच्या अंगणात बार्बेक्यूवर जाळल्या. आम्हा सगळ्यांना ठसका लागला.

लेक खोकत हसली, “मम्मा, ही डाइज इन द एंड!”

“ते मोठेपणी गं,” काकू म्हणाल्या. “आज घरातून निघताना कुणीतरी नको का दारात?”