चार ग्रॅम जास्त

जेवण अंमळ जड झालंय. पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून हणमंतराव शेटे माडीवरच्या खोलीत बाजेवर आडवे होतात. खाली रत्नावहिनी भांडी घासताहेत, त्यांचा आवाज एकदा जवळ येतो, एकदा लांब जातो. वहिनींचे यजमान, म्हणजे हणमंतरावांचा जिवाभावाचा मित्र मुरलीधर कोष्टी, जाऊन सहा महिने झाले. त्याच्या या खोलीतला पसारा घेऊन जा म्हणून वहिनींनीच आज बोलावलंय.

"ती इस्त्रीही न्या भाऊजी," त्या वाढता वाढता म्हणाल्या होत्या. "जन्मात एक काम सांगितलं होतं त्यांनी मला, तेही नासलं माझ्या हातून." तेव्हा हणमंतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि सुटका करून घेतली. चाळीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस, पण ऐन वेळी असा.

नासलं काय, ते सांगतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या मुरलीला आणि या मास्तरांना म्हातारपणी एकच खूळ लागलं होतं. घरी केलेला फुगा बारा किलोमीटर उंच सोडायचा, आणि त्याने महिना-महिना तरंगत पृथ्वीला वळसा घालायचा. खाली काडेपेटीएवढं यंत्र, ते ऊन पडलं की रेडिओवरून आपला ठावठिकाणा कळवणार. वहिनींनी चार दिवस मान मोडून पातळ प्लॅस्टिकच्या कडा इस्त्रीने जोडल्या. संक्रांतीच्या आदल्या सकाळी फुगा सुटला आणि सोलापूर ओलांडल्यावर गप्प झाला. जोड सुटला असणार, असं मुरलीने ठरवलं. बायकोला तो एका शब्दाने बोलला नाही. पण उरलेल्या तुकड्यांचे जोड रोज भिंगाखाली धरून बसायचा, आणि ती ते बघायची. दोन महिन्यांनी त्याचं हृदय थांबलं.

खालचा आवाज थांबतो. मुरली टेबलाशी बसलाय, हातात भिंग. तो मेलाय हे हणमंतरावांना पक्कं ठाऊक आहे, आणि तरी त्यात वावगं काही वाटत नाही.

"हणम्या, बघ रे," तो वर न बघता म्हणतो. "इथून गेली असेल का हवा?"

"नाही रे."

"मग इथून?"

टेबलाचे पाय दवात आहेत. शाळेचं मैदान, सकाळची वेळ, कडेला निलगिरीची रांग. मुरली जोडावरून बोट फिरवतो, पुढे सरकतो, परत फिरवतो. हणमंतराव बोलायला जातात, पण जीभ टाळूला चिकटलीय. मैदानाला आता छत आहे, आणि छतापर्यंत टेलिफोन खात्यातल्या तारांची कपाटं. प्रत्येक कपाटात कोणीतरी फोन उचलून "बोला, बोला" म्हणतंय.

"बोल की," मुरली म्हणतो. "वाट बघतायत सगळे."

"थंडी वाजतीय मुरली."

"वाजणारच. किती वर आलोय आपण."

खाली ढग आहेत. टेबल तसंच, दोन खुर्च्या तशाच, आणि डोक्यावर फुगा. जमिनीवर असताना तो अर्धी भरलेली उशी होता. इथे ताणून टम्म झालाय, आणि जोडाशी बारीक करकर ऐकू येतेय. मुरली पुन्हा भिंग उचलतो. हणमंतरावांना हे आता बघवत नाही. ते त्याचं मनगट गच्च धरतात.

"ठेव ते खाली. जोडाला काही झालेलं नव्हतं."

"मग?"

"गॅस मी जास्त भरला. यंत्र पेलून वर पाच ग्रॅमची ओढ आली की थांबायचं, असं आपलं ठरलं होतं. तू रेडिओ लावायला पाठ फिरवलीस, तेव्हा मी नळी परत लावली. चार ग्रॅम जास्त."

"का रे?"

"वारा सुटला होता. निलगिरीत अडकेल असं वाटलं. इतका ढिला फुगा कसला वर जातोय, असं वाटलं. भीती वाटली, दुसरं काय. वर जाऊन गॅस फुगला आणि फुटला तो. माझ्यामुळे."

मुरली रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो भिंग पुसतो आणि खिशात ठेवतो.

"मला कशाला सांगतोयस आता?" तो म्हणतो. "जोड काय मी केले होते?"

"मुरली, थांब."

"सोड. हात सोड हणम्या."

ते सोडत नाहीत. मुरलीचं मनगट बारीक होत जातंय, ऊबदार होत जातंय, आणि त्यात काचेची बांगडी आहे.

हणमंतराव डोळे उघडतात. चार वाजल्याचं ऊन भिंतीवर आलंय. बाजेशेजारी खुर्ची ओढून रत्नावहिनी बसल्यात. वहिनींचं मनगट हणमंतरावांच्या मुठीत आहे. ते दचकून हात सोडतात. मनगटावर त्यांच्या चार बोटांचे लालभडक वळ उठलेत, बांगडी रुतली होती तिथे एक पांढरी रेघ.

"वहिनी, माफ करा. कधी आलात?"

"चहाला उठवायला आले होते. तुम्ही हात धरलात." त्या मनगट झाकत नाहीत. "मी सोडवून घेतला नाही. तुम्ही बोलत होतात."

हणमंतराव उठून बसतात.

"झोपेतलं बोलणं मी धरत नाही, भाऊजी," वहिनी म्हणतात. "आता जागेपणी सांगा."

ते सांगतात. नळी, वारा, चार ग्रॅम, सगळं. या वेळी जीभ चिकटत नाही. "तुमचे जोड चांगले होते वहिनी. एकही सुटला नव्हता," असं म्हणून ते थांबतात.

वहिनी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वळ चोळत राहतात.

"हे त्यांना का नाही सांगितलंत?" एवढंच त्या विचारतात. "दोन महिने होते की तुमच्याकडे."