पुसलेला चुंबक

आयुष्यभर हेलिकॉप्टरची इंजिनं उघडून कडूकाकांचे हात काळे झाले होते, आणि सोबतच्या माणसांमुळे जीभ कडू. इंजिनाच्या तेलात धातूचा कीस आला की एक लोहचुंबक तो पकडतो आणि पायलटसमोर दिवा लागतो. याचा अर्थ, आत काहीतरी झिजतंय. त्या आठवड्यात एकाच इंजिनाचा दिवा पुन्हा पुन्हा लागत होता, आणि दरवेळी काकांचा सख्खा मेहुणा चुंबक फडक्याने पुसून परत बसवत होता.

आज काकांनी ते फडकं उलगडलं. आत कापलेल्या नखाएवढी चकाकती कपची होती. त्यांना शिसारी आली.

"हे काय आहे?"

"असतो थोडा कचरा, भावोजी. दिवा विझला ना?" मेहुणा दात कोरत म्हणाला.

काका वाद घालत बसले नाहीत. हँगरचा रिवाज असा, की इंजिन दुरुस्त करणाऱ्याने चाचणीच्या उड्डाणात स्वतः बसायचं. नुसतं पुसणं दुरुस्तीत धरत नसत, म्हणून मेहुण्याचे पाय आजवर जमिनीवरच राहिले होते.

"आज ही दुरुस्तीच धरू," काका म्हणाले. "हेल्मेट घाल."

मेहुण्याने हेल्मेट हातात घेतलं, इंजिनाकडे पाहिलं आणि हेल्मेट परत खाली ठेवलं.

"भावोजी, बेअरिंग गेलंय बहुतेक. उघडूनच बघू."

काका दारात जाऊन पचकन थुंकले. सकाळी याच इंजिनावर पायलटला पाठवताना ह्याच माणसाने हसत अंगठा दाखवला होता.