विषयपत्रिकेवर नसलेला विषय

अध्यक्ष चुकायला लागले की शेजारी बसलेले ते गृहस्थ पाण्याचा ग्लास सरकवायचे. बोलायचे नाहीत, खाकरायचे नाहीत. अध्यक्षांच्या पुढ्यातला ग्लास दोन बोटं पुढं यायचा, अध्यक्ष सवयीनं एक घोट घ्यायचे आणि तेवढ्यात ग्लासाशेजारची चिठ्ठी त्यांची वाचून व्हायची. मग "मला म्हणायचं होतं ते असं" म्हणत अध्यक्ष अगदी बरोबर बोलायचे. गॅलरीतल्या लोकांना वाटायचं, काय हुशार माणूस आहे!

तुम्ही कधी कुठल्या सभागृहात डोकावला असाल, तर अध्यक्षांच्या बाजूला मान खाली घालून बसलेला असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. चेहरा मात्र आठवणार नाही.

ते आमच्या जिल्हा परिषदेच्या सभागृहाचे सचिव. मी त्यांच्या डाव्या हाताला बसून कामकाज लघुलिपीत उतरवून घेणारी. आम्ही दोघं एकाच आठवड्यात कोल्हापुरात नोकरीला लागलो होतो. नियमावली मलाही तोंडपाठ होती. बढती त्यांना मिळाली, मला नाही. पुढची पंधराएक वर्षं तो ग्लास सरकला की माझी पेन्सिल वहीवर जरा जास्तच दाबली जायची. आता लपवून काय करायचं? मला त्यांचा हेवा वाटायचा.

कुणी काही विचारलं की त्यांचं वाक्य ठरलेलं, "कलम सांगतो. मत मागू नका." एकदा एक सदस्य वैतागून म्हणाले, "सायेब, घरात आमटी आळणी झाली तर वहिनीस्नी पण कलमच सांगता काय?"

"घरात अध्यक्ष त्या आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "मी मीठ सरकवतो."

नव्वदच्या दशकात राखीव जागांवरून बायका निवडून आल्या. मला वाटलं, आता माझे दिवस आले. साहेबांशी बोलायला या संकोचतील, माझ्याकडे येतील. पहिल्याच महिन्यात शिरोळकडच्या एक ताई हातात घडी घातलेला कागद घेऊन आल्या. पूर आला की त्यांच्या गावची शाळा पाण्यात जायची. उंचावर दोन खोल्या बांधाव्यात, असा ठराव त्यांना मांडायचा होता.

"सायेब कुठं हायत?"

"मला विचारा की."

"न्हाय, तुम्ही लिवायच्या कामात हाय. त्यास्नीच इचारती."

जेवणाच्या सुट्टीत सभागृहाचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत ताई आपल्या बाकावर उभ्या होत्या. साहेब अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी उभे. खुर्चीत बसलेले नव्हते, रिकाम्या सभागृहातसुद्धा.

"मी अध्यक्ष आहे असं समजा. बोला."

"आवाजच फुटंना, सायेब."

"शेतात लांबच्या माणसाला हाक कशी मारता?"

ताईंनी मारली. खिडकीतले पारवे उडाले.

"एवढा नको. याच्या निम्मा."

मला हसू आलं, पण त्या दिवशी डबा गेला नाही. त्या बाकाजवळ मलाही जाता आलं असतं. मी टेबलामागून उठले नव्हते, एवढंच. पण तेव्हा मनाची समजूत घातली ती अशी, की पुरुष आहेत म्हणून त्यांचं ऐकतात. ठराव मंजूर झाला. सगळ्या बायका त्यांना 'दादा' म्हणू लागल्या. मी 'बाई'ची बाईच राहिले.

ते निवृत्त होणार त्या महिन्याची सभा. विषय संपले आणि ताई उठल्या. एव्हाना त्या दुसऱ्यांदा निवडून आल्या होत्या.

"अध्यक्षमहाराज, आज आमचं दादा रिटायर होत्यात. त्यांच्याबद्दल बोलायचं हाय."

ग्लास सरकला. चिठ्ठी मला तिरकी दिसली, 'विषयपत्रिकेवर नाही.' अध्यक्षांनी ग्लास उचलला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा ग्लास पलीकडच्या बाजूला ठेवला. "बोला, ताई." सभागृह खो खो हसलं.

मग तासभर भाषणं झाली. एक जण म्हणाले, "ह्या माणसानं मला पाचदा तोंडावर पडताना धरलं, आणि बाहेर कुणाला कळू दिलं न्हाय." दुसरे म्हणाले, "असा सचिव पुन्हा होणार न्हाय." दुसऱ्या दिवसापासून सचिव मी होणार होते आणि ते वाक्य मीच लिहून घेत होते. साहेब कागदांच्या कडा जुळवत बसले होते.

सभा संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, हे इतिवृत्तात घेऊ नका. नियमात बसत नाही."

"बरं," मी म्हणाले. किती पटकन म्हणाले! मला हवं होतं तेच त्यांनी तोंडानं सांगितलं होतं. तासाभराची ती भाषणं माझ्या वहीतच राहिली.

पुढच्या सभेला मी त्यांच्या खुर्चीत. पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. ताई उभ्या राहिल्या.

"हरकत हाय. मागच्या वेळी तासभर आम्ही बोललो, त्यातला एक शब्द हितं न्हाय. सभेत घडलं ते इतिवृत्तात आलं पायजे. हे मला कुणी शिकिवलं ते तुमास्नी म्हाईत हाय, बाई."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. 'त्यांनीच नको म्हणून सांगितलं' एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते. खोटंही नव्हतं ते. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं.

"सदस्यांचं बरोबर आहे," मी म्हणाले. "चूक माझी. दुरुस्ती करते."

वही काढून मी सगळं टाइप केलं. अकरा पानं झाली. 'असा सचिव पुन्हा होणार न्हाय' हे वाक्यही त्यात आलं. एक प्रत घेऊन रविवारी एसटीनं मलकापूरला गेले. निवृत्तीनंतर ते तिथं राहायला गेले होते. पडवीत शेंगा सोलत बसले होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला आणि अकराही पानं वाचली. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. त्यांनी पेन मागितलं. सातव्या पानावर 'सुचना' पडलं होतं, त्याचा उकार दीर्घ केला.

"बाकी बरोबर आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "सभागृहात काय सांगितलंत?"

"चूक माझी, असं."

"माझं नाव?"

"नाही घेतलं."

त्यांनी पानांच्या कडा जुळवल्या आणि ती पेनासकट मला परत दिली. मग आत वळून म्हणाले, "अहो, चहा टाका. आमच्या सचिव आल्यात."

त्यांची माझी ती शेवटची भेट. वर्षाच्या आत ते गेले.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी सातवं पान काढून पाहिलं. उकार खरंच चुकला होता. मग वाटेतलं बांबवडे यायच्या आत उरलेली दहा पानंही तपासून काढली, एक एक अक्षर बोट ठेवून. त्यांच्या नजरेतून सुटलेली एखादी तरी चूक मला हवी होती. एकही सापडली नाही.