नाव काय टाकू?

चहा संपला तरी देवमनजी चमचा परत करत नसत. मानोऱ्याच्या बाजारात, माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर एक चहाचं हॉटेल आहे. त्याच्या बाहेरच्या बाकावर ते सकाळी दहाला बसायचे आणि दिसतील तेवढ्या दुकानांवर नजर ठेवायचे. एखादं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं बाहेर पडलं की चमचा पेल्यावर एकदा : टण. पिशवी भरून निघालं की दोनदा : टण टण. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते ना! एक घंटी म्हणजे गाडी थांबली, दोन घंट्या म्हणजे निघाली.

त्या एका टणची दहशत काय सांगू! शेजारच्या कापडवाल्याचा रक्तदाब त्यानं एवढा चढला, की डॉक्टरनं त्याला मीठ सोडायला सांगितलं. त्यानं मीठ सोडलं नाही, हॉटेलवाल्याला प्लास्टिकचे चमचे घेऊन दिले. दुसऱ्या दिवशी देवमनजी घरून स्टीलचा चमचा घेऊन हजर!

पहिल्यांदा मला वाटलं हा धाड घालणारा साहेब आहे. खाकी पँट, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, उंची अशी की विजेच्या तारा वाकून चुकवाव्या लागत असतील. तीन दिवस तग धरला आणि चौथ्या दिवशी रस्ता ओलांडून विचारलं, "काका, काय पाहून राह्यले?"

"पाय," ते म्हणाले.

"कोणाचे?"

"गिऱ्हाइकाचे. तोंडानं मानूस 'दाखवा, दाखवा' म्हनते अन् पाय कवाच रस्त्याकडे फिरले असते. गाडीत बी असंच, दिगूभाऊ. उतरनारा मानूस स्टॉपच्या आधी पायानंच उतरते."

माझं नाव त्यांना ठाऊक होतं. बाजारात सगळ्यांनाच आहे, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

पायांच्या या अभ्यासावर त्यांनी चपलांचं एक दुकान अक्षरशः मेलेलं उठवलं. पावसाळ्यात तांड्यांवरच्या, शेतातून आलेल्या बाया त्या दुकानाच्या पायरीपर्यंत यायच्या, खिडकीतल्या चपला डोळे भरून पाहायच्या आणि निघून जायच्या. दुकानदार म्हणायचा, पैसा नाही लोकांजवळ. देवमनजी त्याला म्हणाले, "पैसा हाय बाप्पा, पाय चिखलाचे हायेत. भेगा पडलेला, गाऱ्यानं माखलेला पाय परक्या मानसाच्या हातात कोन देईन? पायरीजवळ पान्याची बादली ठेव, एक घासाचा दगड ठेव, गोनपाट टाक अन् तू तोंड तिकडे कर." त्यानं केलं. त्या पावसाळ्यात एवढ्या चपला खपल्या की तालुक्यात अनवाणी फक्त बकऱ्या उरल्या. दोन बकऱ्यांनी चौकशी केल्याचंही कानावर आहे.

तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याला त्यांनी नुसती एक फळी ठोकायला लावली. लोक हातात कागद, बगलेत पिशवी, दातात पेन धरून उभे असत. फळीवर सगळं ठेवायला मिळालं, हात मोकळे झाले आणि मग त्यांना आठवायला लागलं की अरे, सातबाऱ्याचीही एक कॉपी पाहिजे होती. यासाठी देवमनजी घ्यायचे काय? काही नाही. "तीस वर्षं उभ्यानं मानसं पाह्यली," ते म्हणायचे, "आता बसून पाहून राह्यलो. एवढंच प्रमोशन."

आता माझ्या दुकानाकडे येतो, कारण टाळून कुठवर टाळणार?

दोन वर्षांमागं दिग्रस रस्त्याला एक भलं मोठं दुकान उघडलं. काचेचे दरवाजे, थंड हवा, भांडी, बादल्या, चादरी सगळं एका छपराखाली. बाया टोपली घेऊन फिरतात, वाटलं ते उचलतात, स्कॅनरवर पैसे देतात आणि जातात. कोणी कोणाशी बोलत नाही. मी एकदा पाहून आलो आणि घरी येऊन हसलो. म्हटलं, मसणात तरी लोक चार शब्द बोलतात! हे काय टिकतं?

शिवाय माझ्याजवळ हत्यार होतं, नाव टाकायची मशीन. आमच्याकडे भांडं विकत घेतलं म्हणजे आपलं होत नाही, त्यावर नाव पडलं की होतं. लग्नाकार्यात भांडी दहा घरी फिरतात, ती नावावरून परत येतात. मोठ्या दुकानात ही सोय नव्हती, माझ्याकडे फुकट होती. आणि माझा आवाज असा, की मी गल्ल्यावरून "नाव काय टाकू?" म्हणून विचारलं की पलीकडच्या पंचायत समितीतला बाबू दचकून स्वतःचं नाव सांगायचा.

तरी गिऱ्हाईक आटत गेलं. समोरून दिवसभर टण, टण, टण. दिवाळीचा हंगाम असा गेला की नवे कुकर डब्यातून बाहेरही निघाले नाहीत. धाकटा भाऊ श्याम पुण्याला कंपनीत जाण्याच्या गोष्टी करायला लागला, बायकोनं मुलीच्या क्लासचा विषय काढणं बंद केलं. मग मी रस्ता ओलांडला.

"देवमनजी, सगळ्यांचं सांगता, माझंही सांगा."

"तुमचं दुकान मले दिसत नाई. भांड्यायची चमक येते डोयावर."

हे उत्तर त्यांनी मला सहा महिने दिलं. चपलावाल्याला न विचारता सांगणारा माणूस मी पाय धरले तरी हलेना. शेवटी एका गुरुवारी म्हणाले, "सांगून समजनार नाई. माह्या बाजूनं चार दिवस बसा. तोंड मात्र बंद."

तोंड बंद! हत्तीला म्हणावं चार दिवस सोंड घरी ठेवून ये. पण बसलो. गल्ल्यावर श्यामला बसवलं, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि स्वतःच्या दुकानासमोर परक्यासारखा बसून राहिलो. पहिले दोन दिवस मी खूश होतो. काय रचलेली भांडी! काय तो श्यामचा आवाज, हुबेहूब माझा! रस्ता पंधरा फुटांचा आणि आमच्या घराण्याचा आवाज पाच कोसांचा, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी एक बाई आली, सोबत अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. श्याम म्हणाला, "या ताई, बसा. काय दाखवू?" मुलगी नर्सिंगला वाशीमच्या होस्टेलवर जाणार होती, तिला डबा पाहिजे होता. बाईनं चार डबे वाजवून पाहिले, झाकणं लावून पाहिली, एक पसंत केला. मुलीनं तो दोन्ही हातांनी धरला. मी मनात म्हटलं, आता वाजवा दोन घंट्या!

"नाव काय टाकू?" श्याम गरजला.

बाईनं मुलीचं नाव सांगितलं.

"पूर्न सांगा. आडनाव?"

बाई इतकं हळू बोलली की आम्हाला ऐकू आलं नाही. श्यामनं ते आडनाव मोठ्यानं परत म्हटलं, दुकानातल्या बाकी दोन गिऱ्हाइकांनाही कळेल असं, आणि विचारलं, "कोनते म्हनाचे तुमी? गावातले का बाजारामागच्या वस्तीतले?"

"वस्तीतले," बाई म्हणाली.

बाजारामागची वस्ती म्हणजे बौद्धवस्ती. श्याम तिला वाईट काही बोलला नाही. शिवी नाही, टोमणा नाही. एवढंच म्हणाला, "बरं, थांब. ए, जराशी बाजूले सरक, मांगं लोकं हायेत."

मी बाकावरून पाहत होतो. एका आडनावात ताई गेली होती, बसा गेलं होतं, तुम्हीचं तू झालं होतं. बाईचे पाय रस्त्याकडे फिरले. तिनं मुलीच्या हातातून डबा घेतला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "नाव नको. डबा बी राहू द्या." मुलगी क्षणभर डब्याकडेच पाहत राहिली, मग आईमागं निघाली. दोघी दिग्रस रस्त्याकडे गेल्या.

देवमनजींच्या हातात चमचा होता. त्यांनी तो वाजवला नाही.

मला राग आला, तो श्यामचा. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "त्याले कायले बोलता? तो तुमचंच बोलून राह्यला."

"मी असं बोलतो?"

त्यांनी चमचा बाकावर ठेवला. मग म्हणाले, "पोरीच्या लग्नाची भांडी घ्याले आलो होतो मी तुमच्याकडे. ड्यूटीवरून, बिल्ल्यासकट. तुमी म्हनले, 'या साहेब, बसा.' पंखा माह्याकडे फिरवला. ताटं निवडली, वाट्या निवडल्या. मग तुमी नाव ईचारलं. मी म्हनलं देवमन. तुमी म्हनले, पुढं? पुढचं सांगतलं. मंग साहेब गेला, पंखा तिकडे फिरला. 'ए, सरक जरा' आलं. भांडी अकोल्याहून आनली मी. बिननावाची."

आता खरं सांगतो. मी न घडलेल्या गोष्टी तपशिलासकट सांगणारा माणूस आहे. बकऱ्यांनी चपलांची चौकशी केली हे मी शपथेवर सांगेन. पण देवमनजी माझ्या दुकानात आले, ताटं निवडली आणि उठून गेले, हे मला आठवतच नव्हतं. आजही आठवत नाही. मी काही ठरवून केलं असतं तर आठवलं असतं. पंख्याची ती कळ माझ्या बोटानं माझ्या नकळत फिरवली होती आणि अशी किती वेळा फिरवली असेल, याचा पत्ता फक्त समोरच्या बाकावर होता.

संध्याकाळी श्यामवर ओरडलोच. तो म्हणाला, "काहून बोंबलून राह्यला दादा माह्यावर? तूच तं शिकवलं. आडनाव कळल्याशिवाय मानूस कळते का, असं कोन म्हनते?" मी म्हणतो. माझ्याआधी आमचे बाबा म्हणायचे, त्याच गल्ल्यावर बसून.

देवमनजींनी उपाय सांगितला तो दोन वाक्यांत. "ईचारू नका. पाटी ठेवा, ज्याले जे टाकाचं ते तो लिहीन." मी शाळेची पाटी-पेन्सिल आणून मशीनजवळ ठेवली. मग लोकांनी जे लिहिलं ते पाहून मी आ वासला. कोणी नुसतं 'आई' लिहिलं. एका सासूनं पातेल्यावर लिहायला लावलं, 'सुनेचं नाही'. एका तांड्यावरच्या बाईनं कळशीवर म्हशीचं नाव टाकून नेलं, म्हणाली घर तिच्याच दुधावर चालते. हे शेवटचं थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. एकानं 'जयभीम' लिहून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ते कोरलं. कोरताना हात जड झाला नाही असं म्हणालो तर ती माझी सगळ्यात मोठी थाप होईल.

दुकान धावायला लागलं नाही, चालायला लागलं. श्याम गावातच राहिला. पण पाटीनं त्याची आणि माझी फक्त जीभ आवरली होती, आणि लोकांना ते कळत होतं. वस्तीतले काही लोक येऊ लागले, काही आले नाहीत. ती डब्यावाली बाई तर पुन्हा दिसलीच नाही. आणि देवमनजी! मी किती वेळा म्हटलं, आत या, एक ताट तरी घ्या, माझ्या हातानं नाव टाकतो. ते म्हणायचे, "बाकावरून चांगलं दिसते, दिगूभाऊ." कधी रागानं म्हणाले नाहीत. रागानं म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

या पावसाळ्यात ते घरीच घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि ते परत उठलेच नाहीत. पोळ्यानंतर आठ दिवसांनी गेले. त्याआधी मी त्यांना भेटायला गेलो होतो, वस्तीत, त्यांच्या घरी. माझ्या दुकानाच्या मागच्या दारातून ते घर चारशे पावलांवर आहे. माझं वय बावन्न. त्या चारशे पावलांवर माझं हे पहिलंच जाणं होतं.

देवमनजी खाटेवर होते. मुलगी आलेली, जावई दाराशी उभा, शेजारच्या दोन म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांच्या बायकोनं आतून पाण्याचा पेला आणला. मी तो हातात घेतला आणि घरातलं बोलणं एकदम थांबलं. कोणी टक लावून पाहत नव्हतं. जावई मोबाईल पाहत होता, म्हाताऱ्या दाराबाहेर पाहत होत्या, मुलगी बापाची चादर नीट करत होती. पण सगळं घर माझ्या हाताकडे पाहत होतं, हे मला मानेवर कळत होतं. माझ्याकडून जे व्हायचं तेच झालं. मी पेला उंचावला, एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि पाच कोसांच्या आवाजात म्हणालो, "वा! वहिनी, पाणी काय गोड आहे हो तुमच्याकडचं! अमृत! आणा आणखी एक पेला!"

म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनी पेला घ्यायला पुढं आल्या, त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. खाटेवरून देवमनजी माझ्याकडे पाहत होते, बाकावरून दुकानं पाहायचे तसे, सावकाश.

"दिगूभाऊ," ते म्हणाले, "पानी नळाचंच हाय. साधं प्या."