मिठागरातले रूळ

जुन्या ट्रामचा नाद मला नोकरीत असतानाच लागला. मुंबईत कुठे रस्ता खणला आणि डांबराखालून ट्रामचे रूळ वर आले, की जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जाऊन उभा राहायचो. शेजारच्या टेबलावरचा मित्र हसायचा. "रूळच आहेत रे, सोनं नाही निघालं!" पुढे तोच माझ्याबरोबर यायला लागला. नॅरोगेज म्हणजे काय, रुळांमधलं अंतर कसं मोजायचं, सगळं त्याला मी शिकवलं. निवृत्तीनंतर तो भाईंदर पूर्वेला आमच्याच गल्लीत राहायला आला, तेव्हा मला आनंदच झाला होता.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी तो धापा टाकत घरी आला.

"अरे, आपल्या इथेही रूळ होते! मिठागरात. मिठाच्या ढकलगाड्या खाडीच्या धक्क्यापर्यंत न्यायचे. इथल्याच गोडदेव गावात एक आजोबा भेटलेत, त्यांनी स्वतः त्या ढकलल्यात."

"वा," एवढंच म्हणून मी चहा ठेवायला आत गेलो आणि ओट्याशी तसाच उभा राहिलो. वीस वर्षं मी गोडदेवला भाजी घ्यायला जात होतो. मला हे कुणीच कसं सांगितलं नाही? खरं तर मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

तो आजोबांकडे वरचेवर जाऊ लागला. मलाही बोलवायचा. मी गुडघ्यांचं निमित्त सांगायचो. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात त्याने या रुळांवर भाषण केलं, तेव्हा मी मागून उठून त्याची एक चूक काढली. तो हसून म्हणाला, "बरोबर. हा माझा गुरू." टाळ्या मात्र त्यालाच मिळाल्या.

मग तो आठवडाभर लेकीकडे पुण्याला गेला. दुसऱ्याच दिवशी मी गोडदेवचं ते घर गाठलं. आजोबांची सून बाजारात गेली होती. ते दाराशी खाटेवर बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू.

"आलास? मला वाटलं, तू गावाला गेलास."

मी दुसरा आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, आजोबा."

त्यांनी उशाखालून एक पुरचुंडी काढली. "तू इचारलं व्हतंस ना? सुनेनं शोधला. हाय बघ." आत रुळाचा खिळा होता, गंजलेला, जाडजूड. मी तो पिशवीत टाकला आणि निघालो. घरी आल्यावर कपाटात स्वेटरखाली ठेवला. दिवसातून दोनदा काढून बघायचो. आनंद काही होत नव्हता.

मित्र परतला. आजोबांना भेटून थेट माझ्याकडे आला.

"आजोबा मला म्हणाले, 'खिळा तुलाच दिला की.' मी तर इथे नव्हतो." तो माझ्याकडे बघत राहिला.

मी खिळा आणून त्याच्यासमोर ठेवला.

"मी कितीदा म्हटलं, चल म्हणून," तो म्हणाला.

"तुझ्या मागे मागे यायचं नव्हतं मला," मी म्हणालो. "हे मला सापडायला हवं होतं."

त्याने खिळा माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "उद्या चल. त्यांना तूच सांगायचं."

मी सांगितलं. आजोबांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला. "मंग तवा बोलला का न्हाईस?" मी खिळा त्यांच्या हातात दिला. ते मित्राकडे वळले आणि उतारावर सुटलेली ढकलगाडी त्यांना घेऊन खाडीत कशी गेली, ते सांगू लागले. मी वहीत लिहून घेत होतो.

या महिन्यात त्यांनी आम्हाला रुळांची वाट दाखवली. आता तिथे दोन इमारतींमधली बोळ आहे. मित्राच्या खांद्यावर हात ठेवून आजोबा पुढे चालले होते. थांबून थांबून त्यालाच दाखवत होते, वळण इथे, उतार इथे. मी चार पावलं मागून चालत होतो आणि तो खांदा माझा का नाही, एवढंच माझ्या मनात येत होतं.