आखाजीपर्यंत बंद

भेस्तानच्या आमच्या घराची पुढची भिंत पाडली, तेव्हा कुठे मशीन आत आलं. दारातून ते येणार नाही हे मी आठ दिवस सांगत होते, पण आमचे हे टेप घेऊन पुन्हा पुन्हा दारच मोजत बसले. शेवटी क्रेनने ते ओट्यावर ठेवलं, खाली लोखंडी पाइप सरकवले आणि सहा जणांनी पहारी लावून बोट-बोट पुढे ढकललं. पुढची खोली गेली ती गेलीच. आम्ही दोघं आणि दोन मुली मागच्या खोलीत आलो.

हे पांडेसऱ्यातल्या एका कारखान्यात बारा वर्षं मिलिंग मशीनवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी फंडाच्या पैशांऐवजी आपलंच मशीन मागून घेतलं. सीएनसी, म्हणजे आकडे भरले की आपोआप लोखंड कोरणारं. परदेशी आणि जुनं. यंत्रमागांचे सुटे भाग घरीच बनवायचे, कुणाची शिफ्ट नाही, कुणाची शिवी नाही, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरी नोकरी बघायचीच नाही असं ठरवून बसले होते. मीही हो म्हणाले होते.

मग चार दिवस पाणसळ. बुडबुडा मधोमध येईना की मशीनच्या पायाखाली पत्र्याचा आणखी एक तुकडा. पाचव्या दिवशी वायरमन जोडणी करून गेला आणि हे बटणाकडे वळले, तशी मी आडवी आले.

"आते नको. आखाजी वीस दिनवर शे. तवलोंग बटनले हात लावू नका."

"मशीन काय नवरी शे का, मुहूर्त देखाले?"

मी ऐकते कसली! माझ्या माहेरी, खानदेशात, शेतावर राबणाऱ्या सालदाराचं वर्षसुद्धा आखाजीलाच सुरू होतं. अक्षय्य तृतीयेच्या या दिवशी धरलेलं काम तुटत नाही, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. भिंत पाडून, हातात नोकरी नसताना, कुठल्याही मंगळवारी बटण दाबायचं? हे म्हणाले, आत एक बॅटरी आहे, ती उतरत आली आहे, मशीन चालू असतानाच बदलावी लागते, नाहीतर मशीन सगळं विसरतं. मला वाटलं, घाई झालीय म्हणून काहीतरी सांगतायत. बॅटरी काय, टॉर्चमध्येही असते. मी दोन दिवस जेवले नाही. मग त्यांनी मशीनवर चादर टाकली.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी मशीन पुसायला काढलं. रॉकेलच्या फडक्याने सगळीकडचा काळा चिकटा काढला. मागे वायरींचं कपाट होतं, त्याचं दार उघडलं, तर आतून एक तेलकट, पिवळा पडलेला कागद चिकटवलेला. बारीक आकड्यांच्या रांगाच रांगा, एक अक्षर नाही. घाणेरडा दिसत होता. मी तो ओढून काढला आणि त्या जागी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. छान दिसलं ते.

सकाळी मागच्या अंगणात चूल मांडली. खापरावरचे मांडे करायचे म्हणजे जाळ मोठा लागतो आणि लाकडं धड पेटेनात. तो कागद आदल्या दिवशीच्या कचऱ्यात तिथेच पडला होता. तेलाचा असल्याने भडकन पेटला. पितरांची घागर पुजली, नैवेद्य दाखवला, मुलींनी मशीनला हार घातला. मग यांनी मला म्हटलं, तूच दाब. मी बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली आणि लगेच लाल दिवा लागला. हे एकेक कळ दाबत गेले. जिथे आकडे असायला हवेत तिथे सगळीकडे शून्य. बॅटरी मेली होती. मांडे कुणी खाल्ले नाहीत.

दोन दिवसांनी उधन्याहून एक गुजराती मिस्त्री आला. चांगला माणूस होता. म्हणाला, घाबरू नका, कंपनी मशीनचे आकडे कागदावर लिहून देते, ते हाताने परत भरता येतात. त्याने कपाटाचं दार उघडलं आणि माझ्याकडे वळला.

"बेन, अहीं एक कागळ हतो. क्यां गयो?"

"मला काय माहीत," मी म्हणाले.

यांनी एकदा कपाटाच्या दाराकडे, माझ्या स्वस्तिकाकडे पाहिलं. "कारखान्यातच राहिला असेल," म्हणाले.

तसा दुसरा कागद मिळवायला यांनी काय नाही केलं! बंद कारखान्याच्या वॉचमनला गाठलं, मुंबईच्या एजंटला पत्रं धाडली, मशीनचा नंबर लिहून परदेशी पाठवला. उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी ते पलसाण्याला एका डाइंग मिलच्या वर्कशॉपमध्ये लागले, बारा तासांची शिफ्ट, शिव्या तशाच. मी रोज डबा भरताना ठरवायचे, आज सांगेन. दोन वर्षं ठरवत राहिले. मशीनवर मुलींचे कपडे वाळत राहिले.

मग ते भंगारात गेलं. तोडणारा गॅसकटर घेऊन आला, त्याने कपाटाचं दार उचकटून ओट्यावर टाकलं. माझं स्वस्तिक अजून तांबूस होतं आणि त्याच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे, कागदाच्या मापाचे. मला रडू फुटलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कागद मी चुल्हामा बाळा. त्यावर मांडा कयात."

"माले माहीत शे," हे म्हणाले. "पयल्याच दिनले देखं."

"मंग बोलनात का नहीत?"

"तू कवय सांगशी, तीच वाट देखत व्हतू."

एवढं बोलून ते तोडणाऱ्याला पाणी द्यायला आत गेले. नंतरही त्यावरून ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलायला हवं होतं. मला भांडण हवं होतं.